टेकवलेलं बोट

गिटारच्या दांडीवरच्या बाराव्या फ्रेटच्या, म्हणजे आडव्या धातूच्या पट्टीच्या, नेमकं वर तारेला बोट नुसतं टेकवायचं, दुसऱ्या हातानं तार छेडायची आणि लगेच बोट उचलायचं. मग घंटेसारखा बारीक, स्वच्छ सूर निघतो. माझा काही निघत नव्हता. नववीत शाळा सोडून इतक्या लांब बडोद्याला सुतारकामाला आलो, तेव्हापासून हाताला रंधा दाबून मारायचीच सवय. घरमालकीण शैलाताई माझ्यासारख्याला शेजारी बसवून शिकवतात, याचंच मला अप्रूप. काल त्या हसून म्हणाल्या, "अरे, तार पळून जाणार आहे का? किती दाबतोस!"

मला एकदम धाकटी बहीण आठवली. माझ्यासारखी तिचीही शाळा सुटेल या धास्तीनं मी रोज फोनवर एकच विचारतो, "अभ्यास झाला का?" पूर्वी ती भरभरून बोलायची. आता नुसतं "हो" म्हणते आणि फोन आईकडे देते. तिच्यावर बोट दाबून मीच बसलोय की!

आज फोन लावला आणि एवढंच विचारलं, "आपली मांजर व्याली का गं?"

ती घाबऱ्या आवाजात म्हणाली, "दादा, तुला बरं नाही का?"