मिठात ठेवलेली गाडी

"रफिकभाई, एकच सांगा. चासिस आहे की गेली?"

साठेसाहेब तिसऱ्यांदा विचारत होते. मी अजून गाडीखाली वाकलोही नव्हतो.

"साहेब, दम धरा. डॉक्टरला नाडी तरी बघू द्या!"

चासिस म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. इंजिन, सीट, पत्रा सगळं त्याच्यावर बसतं. इंजिन दुरुस्त होतं, पत्रा नवा ठोकता येतो. सांगाडा कुजला की शहाणा माणूस हात जोडून घरी जातो.

पनवेलला माझं गॅरेज आहे. जुनी गाडी घेण्याआधी लोक मला दाखवायला नेतात. ही होती दोन सीटची, उघड्या टपाची इंग्लिश स्पोर्ट्स कार. कोन गावात, जनुदादांच्या शेडमध्ये वीस वर्षं उभी. दादांच्या पुतण्याने ऑनलाइन जाहिरात टाकली होती : 'दुर्लक्षित क्लासिक स्पोर्ट्स कार, रिस्टोरेशन प्रोजेक्ट.'

"दुर्लक्षित?" जनुदादा त्या शब्दावर सकाळपासून भडकले होते. "अरं, माझ्या भावाची गाडी हाय ती. तो गेला तवापासून पोरीसारखी सांभाळली. दुर्लक्षित म्हनं!"

शेड सोमवारी तुटणार होती, जागा रस्त्यात गेली होती. साठेसाहेबांनी गाडी घेतली नाही तर भंगारवाला टेम्पो घेऊन येणार होता. पुतण्याने त्याला फोनही करून ठेवला होता. म्हणजे गाडी जगणार की कापली जाणार, हे माझ्या एका शब्दावर होतं. असलं काम मला बिलकूल आवडत नाही.

बॉनेट उघडलं. पान्याने इंजिन फिरवून पाहिलं आणि मी चाटच पडलो. वीस वर्षं बंद असलेलं इंजिन जाम व्हायला हवं. हे लोण्यासारखं फिरलं.

"दर दसऱ्याला प्लग काडून तेल सोडतंय," दादा म्हणाले. "हातानं फिरवतंय. मंग हार, नारल."

साठेसाहेबांचा चेहरा खुलला. माझा नाही. खाली चासिसवर डांबराचे जाड थर होते, होडीला लावतात तसे. तेही दादांनीच दरवर्षी चढवलेले. चांगलं लोखंड ठोकलं की टणकन वाजतं, पण डांबरावर ठोकून काय कळणार? गाडी उचलणं भाग होतं.

टायर कुजून चाकांचे रिम मातीत रुतले होते. पुढचा मोकळा केला, चासिसखाली जॅक लावून गाडी थोडी उचलली आणि ब्रेकचा ड्रम बघायला तो रिम काढून बाजूला ठेवला. माझ्या उस्तादांची शिकवण होती : जॅकवर भरोसा ठेवायचा नाही. म्हणून माझ्या व्हॅनची स्टेपनी आडवी करून गाडीखाली सरकवली. मग आणखी जॅक मारायला लागलो.

तेवढ्यात दादा पलीकडून खाली शिरले. "थांब रं, ह्यो पोता काडतंय, तुला आडवा येल."

"कसलं पोतं?"

"मिठाचा. आमच्या मिठागराचा. चार पोती ठेवलीत खाली. मीठ वल खातंय ना, गाडी सुकी रवते."

मीठ ओल खातं हे खरं. पण खाल्लेली ओल ते पोटात ठेवत नाही, खारं पाणी होऊन सोडतं. वीस पावसाळे त्या खाऱ्या हवेत हे लोखंड उभं होतं, आणि डांबराने तो खार आत कोंडला होता.

वर कर्र आवाज झाला.

"दादा, बाहेर! आधी बाहेर!"

जॅकचं डोकं चासिसमध्ये घुसलं. पापड मोडावा तसं लोखंड मोडलं आणि गाडी धाडकन खाली बसली. धुरळ्यात काही दिसेना. या अल्ला, माणूस गेला, एवढंच डोक्यात आलं.

"मी हाय," आतून आवाज आला.

गाडी स्टेपनीवर टेकली होती. दादांच्या छातीत आणि पत्र्यात जेमतेम दोन बोटं जागा होती. मी आणि साठेसाहेबांनी पाय धरून त्यांना ओढलं, हातातल्या पोत्यासकट. मी इतका घाबरलो होतो की वयाचा मुलाहिजा न ठेवता त्यांना वाट्टेल ते बोललो. त्यांचं लक्षच नव्हतं. ते त्या भोकाकडे बघत होते.

"मिठानं झाला ह्या?"

गाडीचं वय झालं होतं, असं म्हणता आलं असतं. जीभ तयारही झाली होती. पण साठेसाहेबांनी मला खरं सांगायला आणलं होतं.

"हो दादा. मिठानं. चासिस पूर्ण गेली."

"म्हंजे मीच मारली."

त्यांनी पोतं फरफटत दारापर्यंत नेलं आणि त्याच्यावरच बसले. सत्तरीचा माणूस, सगळ्यांदेखत रडला.

साठेसाहेबांनी पान्याने इंजिन पुन्हा एकदा फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "रफिकभाई, चासिस नवी बनेल?"

"बनेल. वर्ष खाईल."

"हे इंजिन जाम असतं तर मी आत्ता घरी निघालो असतो." ते दादांकडे वळले. "दादा, गाडी मी नेतो. एकच अट. मीठ तुमच्याकडेच ठेवा."

रविवारी गाडी माझ्या गॅरेजला आली. वर्षाचं दीड वर्ष झालं. दादा दर आठवड्याला कोनहून रिक्षाने येऊन बसायचे. पहिल्यांदा गाडी चालली त्या दिवशी साठेसाहेबांनी त्यांना शेजारी बसवून फिरवून आणलं. उतरल्यावर दादांनी खाली वाकून नव्या चासिसवरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "थोडा डांबर लावू काय रं?"

"हात लावायचा नाही!" मी ओरडलो.

आता कुणी जुनी गाडी दाखवली की ती किती वर्षं पडून होती, हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, काळजी काय काय घेतलीत?