अप्पांच्या तळहातावरचा देव

चिपळूणहून निघताना बहिणीने विचारले, "बीडला? ऐन मार्चात? विरघळशील तिथे." मी विरघळले नाही, पण पहिल्याच दिवशी तेलगावच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांमागे आमची जीप तासभर अडकली आणि माझा पारा चढला. तो पटकन चढतो हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्यानेच घोळ घातला.

आठ दिवस गावोगाव फिरता दवाखाना चालवायचा होता. मी डॉक्टर, सोबत तेलगावच्याच रेखा सिस्टर आणि मागे औषधांचे खोके, वजनकाटा, ईसीजीचे यंत्र. तेलगावात देवळाच्या सभामंडपात टेबल मांडले, तर पहिल्याच आजींनी हात पुढे करण्याऐवजी मलाच विचारायला सुरुवात केली.

"कोन्या गावच्या म्हनायच्या?"

"चिपळूणची."

"लई लांबून आल्या की. जेवलात का?"

माझे लेकरू काय करते, हे कळल्यावरच त्यांनी गुडघा दाखवला. या भागात पेशंट आधी डॉक्टरला तपासतात. दुसऱ्या दिवसापासून मी जेवले की नाही ते आपणहून सांगू लागले. रांग भराभर सरकली.

चौथ्या दिवशी घाटनांदूर. तिथे बसलिंगअप्पांनी आपल्या किराणा दुकानाची ओसरी दिली होती. अप्पा साठीचे, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणे हळू. दुपारी त्यांच्या घरून येसराची आमटी (भाजलेल्या धान्या-डाळींच्या मसालेदार पिठाची) आणि ज्वारीच्या भाकरी आल्या. मी तीन भाकरी खाल्ल्या. घरी मी एक खाते.

जेवण वाढताना त्यांच्या पत्नी, गंगाकाकू, माझ्या कानाशी वाकल्या. "पोतं उचललं की छाती धरून बसतेत. पित्त हाय म्हनतेत अन् ओवा खातेत. तुमी बघा की जरा."

अप्पांना बोलावले. डावा हातही भरून येतो, हे मी चार वेळा विचारल्यावर त्यांनी कबूल केले. मला ओवा-पित्ताचे लक्षण वाटेना. सदरा काढून ते बाकावर आडवे झाले. गळ्यात दोऱ्याला चांदीची डबी होती आणि ती नेमकी जिथे ईसीजीची वाटी बसवायची तिथेच येत होती. बाहेर चाळीसएक माणसे खोळंबलेली, उकाडा मी म्हणत होता.

"ते काढून टेबलावर ठेवा," मी म्हणाले.

"हे? हे कावून काढायचं?"

"मध्ये येतंय. दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे. काढा लवकर."

अप्पा उठले. शांतपणे सदरा घातला. "आमाला काई झालं न्हाई, बाई," म्हणाले आणि घरात निघून गेले.

रेखा सिस्टरांनी मला बाजूला घेतले. डबीत इष्टलिंग होते. लिंगायत माणूस तो देव लहानपणापासून अंगावर बाळगतो, तो कधी अंगावेगळा करत नाही. आणि मी तो औषधाच्या बाटल्यांशेजारी ठेवायला सांगितला होता. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्याहून मोठी भीती ही की आत पलंगावर बसलेल्या त्या माणसाचे हृदय कधी दगा देईल याचा नेम नव्हता, आणि माझ्या तोंडामुळे तो आता तपासून घेणार नव्हता.

मी रांग तशीच सोडून आत गेले. "अप्पा, चुकले माझे," म्हणाले. "देव अंगावरच राहू द्या. पण तपासल्याशिवाय मी या गावातून हलणार नाही."

काकू पुढे आल्या आणि अप्पांना म्हणाल्या, "सकाळी पूजेला डाव्या हातावर घेताव न्हवं? तसंच घ्या. डबी मी धरते."

अप्पांनी होकारार्थी मान हलवली.

मग यंत्र आत आणले आणि ते त्याच पलंगावर आडवे झाले. इष्टलिंग डाव्या तळहातावर, नजर त्याच्यावर. रिकामी डबी काकूंच्या ओंजळीत. चार दिवस मी प्रत्येकाला "हलू नका" सांगून दमले होते. अप्पांना सांगावे लागले नाही. ईसीजीचा इतका स्वच्छ कागद त्या दौऱ्यात दुसरा निघाला नाही, आणि त्यावर माझी शंका खरी ठरली. हृदयाला रक्त कमी पडत होते. रक्त पातळ करणारी गोळी चावायला दिली आणि दवाखाना थांबवून आमच्याच जीपने त्यांना अंबाजोगाईला नेले. रांगेतल्या एकानेही कुरकुर केली नाही. उलट दोघांनी जीपमधले खोके उतरवून घेतले.

दौरा संपवून परतताना अंबाजोगाईत थांबले. तिथल्या डॉक्टरांनी अप्पांची बंद पडत आलेली रक्तवाहिनी उघडली होती. ते उशीला टेकून बसले होते आणि मला बघून हसले.

"बाई, तुमी लई रागीट हाव."

"हो. तुम्हीही काही कमी नाही."

"म्या गेलतो निघून. तुमी मागं आल्या, म्हनून हाय." काकूंनी पदर डोळ्यांना लावला, आणि मग विचारले, जेवलात का.

आता चिपळूणला आहे. काल एक मावशी ईसीजीसाठी आल्या. मनगटावर ताईत, नेमका यंत्राच्या पट्टीच्या जागी. तोंडाशी आलेले "काढा" मी गिळले आणि खुर्ची जवळ ओढली.

"मावशी, हा कुठे धरायचा, तुम्हीच सांगा," मी म्हणाले.