वायर न लावलेला पाचवा पॅड

आधीच सांगतो, मी बी.एस्सी. आहे, तेही फिजिक्स घेऊन. आमच्या घरात माझ्याआधी मॅट्रिकच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. त्यामुळे भुताखेताच्या गोष्टींची घरात कमी नव्हती, आणि त्या ऐकून हसणारा घरात मी एकटाच. या सदरातल्या पांढऱ्या साड्या आणि उलटे पाय वाचून आजही हसतो. मला जे सांगायचं आहे त्याची भीती वाटत नाही... राग येतो. इतकी वर्षं झाली तरी येतो.

१९८७ साल. पांढुर्ण्यात स्टेशनच्या बाजूला आमचं तीन खोल्यांचं घर. मी सौंसरच्या शाळेत विज्ञान शिकवायचो, रोज बसनं जाणं-येणं. संध्याकाळी एकच नाद – इलेक्ट्रॉनिक ड्रम. विकतचा आमच्याकडे बघायलाही मिळत नव्हता, म्हणून घरीच करायला घेतला. प्लायवूडची गोल थाळी, तिच्यावर ट्रकच्या ट्यूबचं रबर ताणलेलं, खाली बझरमधली पितळी चकती. वरून काडी मारली की चकतीतून कणभर वीज निघते, सर्किटमध्ये जाते, आणि स्पीकरमधून ‘ढम’. सर्किटचा नकाशा एका मासिकातला, सामान नागपूरचं. आधी एकच पॅड होता, बासचा. मग स्नेअर वाढवला, मग दोन टॉम. पाचवा हायहॅटचा, ‘च्चिक’ वाजणारा. तो थाळीपुरता तयार होता. एक आयसी, म्हणजे सर्किटमधली चिप, मिळत नव्हती, म्हणून सर्किट झालं नव्हतं. आत चकती नाही, बाहेर वायर नाही. नुसतं लाकूड आणि रबर, स्टँडवर चढवून ठेवलेलं.

अशात खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातल्या अवजारांची पूजा होते आणि अवजाराला हात लावायचा नसतो. बाबा कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर होते. मी लहान असताना एका खंडेनवमीला मालकानं सांगितलं म्हणून त्यांनी मशीन चालू केली, आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. तेव्हापासून आई या दिवसाला फार जपायची. सकाळी तिनं बाबांचे पाने-पक्कड, विळा, माझी सायकल सगळं पुजलं आणि ड्रमपाशी आली.

“याले बी कुंकू लावतो.”

“आई, ते वाद्य आहे. अवजार नाही.”

“वाजवाले काडी लागते ना? मंग अवजारच. आज हात लावू नोको, पुरु. शब्द दे मले.”

दिला शब्द. “माहा पोरगा खोटं बोलत नाही,” हे ती गल्लीत ज्याला त्याला सांगायची. माझ्या डिग्रीपेक्षा तिला त्याचंच मोठं वाटायचं. तिनं पाचही पॅडवर झेंडूचं एकेक फूल ठेवलं, अँप्लिफायरची पिन स्वतः भिंतीतून काढली आणि तिलाही कुंकू लावलं.

दुपारी बाराचा सुमार. बाबा ओसरीवर खाटेवर पडलेले, मी त्यांच्या पायाशी पेपर वाचत बसलेलो. आई मागे वडे तळत होती. आणि आतल्या खोलीतून आवाज आला... च्चिक. च्चिक. च्चिक.

मी उठून आत गेलो. चार पॅड गप्प. पाचव्यावरचं फूल मात्र प्रत्येक ठोक्याला उडत होतं. पिन जमिनीवर पडलेली. आणि आवाज तोच – जो चार महिने माझ्या डोक्यात होता आणि कागदावर काही केल्या जमत नव्हता. मला सुचलं ते मी केलं. कंप पावणाऱ्या वस्तूवर हात ठेवला की ती थांबते, म्हणून रबरावर तळवा दाबला. थांबलं. त्याच क्षणी दारात आई, हातात झारा.

“शब्द देल्ला होता तुनं.”

“आई, मी वाजवलं नाही. थांबवत होतो.”

“मंग कोन वाजवून राहिलं होतं?”

झालं. बी.एस्सी. तिथंच संपली.

आई जेवेना. माझ्याशी बोलेना. दसऱ्याला माझ्या हातून सोनंही घेतलं नाही. मी सगळा सेट खोलून पाहिला. उंदीर, पाल, शेजारचा रेडिओ, सगळं तपासलं. अँप्लिफायरला वीजच नव्हती, आणि त्या पॅडमध्ये वाजण्यासारखं काही नव्हतंच. तिसऱ्या दिवशी बाबांना गाठलं.

“आवाज आला तेव्हा मी तुमच्याजवळ बसलो होतो. तुम्ही ऐकलं ना?”

“आइकलं. तू बसूनच होता.”

“मग सांगा ना आईला.”

बाबांनी बिडी विझवली. “तुनं वाजवलं तं पोट्टा बदमाश हाय, यवढंच. नाही वाजवलं तं मंग घरात काय हाय? तुही माय झोपन का या घरात एक रात?”

“म्हणजे मी खोटारडा ठरू?”

“ठर ना. तुले काय होते? तू तं शिकेल हायेस.”

मी संतापलो. काय उत्तर होतं ते? शिकलो म्हणून खोटा ठरू? पण रात्री आईचं ताट पुन्हा तसंच परत गेलेलं पाहिलं, आणि तिच्याजवळ जाऊन बसलो.

“मीच वाजवलं, आई. राहवलं नाही.”

तिनं मोठा श्वास सोडला. “मले मालूमच होतं,” म्हणाली, आणि भात वाढून घेतला.

पुढे ती आयसी मिळाली, पाचवा पॅडही झाला. डबा वाजवल्यासारखा वाजायचा. त्या दुपारचा आवाज मला कधीच काढता आला नाही. दोन इंजिनिअरांना विचारलं. दोघांनीही माझ्या कानांवर शंका घेतली. कोणी वाजवलं, कसं वाजवलं, मला आजही ठाऊक नाही. पण वाजवायचंच होतं तर मी सौंसरला असताना वाजवायचं होतं. तिथं वर्गात चाळीस पोरं माझ्या साक्षीला असती.

आता बाबा नाहीत, आईही नाही. शेवटपर्यंत घरी पाहुणे आले की ती कौतुकानं सांगायची, “माहा पुरु जिंदगीत एकदाच खोटं बोल्ला. पन मंग आपल्या तोंडानं कबूल केलं त्यानं.”

आणि मी समोर बसून मान हलवायचो.