दुपट्याची घडी

प्रसूतीच्या वॉर्डात सगळे तिला घडीमावशी म्हणत, आणि हे नाव तिनं कमावलेलं होतं. बाळ जन्मलं की सिस्टर नाळ कापून ते तिच्या हातात द्यायची. मावशी त्याला पुसायची, वजनकाट्यावर ठेवायची आणि चार घड्यांत दुपट्यात असं आवळायची की नुसतं नाकतोंड दिसावं. मग आईची आवराआवर होईपर्यंत बाळ शेजारच्या खोलीतल्या लांब टेबलावर. सत्तावीस वर्षांत तिची घडी एकदाही सुटली नव्हती. दुसऱ्या आयाबाईनं गुंडाळलेल्या बाळाचा हात बाहेर दिसला की ती म्हणायची, हे बाळ आहे की अर्धवट बांधलेलं गाठोडं?

अशा बाईला नव्या सिस्टरनं सांगितलं, की यापुढे बाळ पुसायचं आणि उघडंच आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, वरून दोघांवर एकच पांघरूण. वजन नंतर. आईच्या अंगाची ऊब मिळते, तासाभरात बाळ आपणहून दूध शोधतं, आणि पहिला पिवळा चीक तर वाया घालवायचाच नाही. मावशीला मिरच्या झोंबल्या. कालची पोर आपल्याला शिकवणार! सिस्टर समोर असली की ती मान डोलवायची आणि पाठ वळली की आपलंच खरं करायची.

एका सकाळी दोघी एकाच वेळी बाळंत व्हायला आल्या. पहिली शिवणकाम करणारी, पहिलटकरीण, अंगानं काडी. बाळही एवढंसंच. सिस्टरनं ते तिच्या छातीवर ठेवलं, मावशीला लक्ष ठेवायला सांगितलं आणि ती दुसऱ्या, अडलेल्या बाईकडे धावली. मावशीला ते उघडं बाळ बघवेना. तिनं ते उचललं.

"राहू द्या ना माझ्याजवळ," पोरगी म्हणाली, तेही हळूच, कुणाला त्रास नको अशा बेतानं.

"देते गं. पळून जातंय का कुठे?"

घडी फार सुरेख बसली. बाळ टेबलावर ठेवते न ठेवते तोच पलीकडून हाक आली. गरम पाणी, कपडे, पुसापुशी, यात दीड तास गेला. मावशी मधे दोनदा डोकावून गेली. बाळ गप्प होतं. किती शहाणं, ती मनात म्हणाली.

सिस्टरनं येऊन दुपटं सोडलं तेव्हा पावलं निळी आणि गार पडली होती. बाळ पुन्हा आईच्या छातीवर ठेवलं, चीक पिळून ओठांना लावला. त्यानं तोंड उघडलं नाही. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. दुपारी ते गेलं.

बाळ उचललं कुणी, असं सिस्टरनं सगळ्यांदेखत विचारलं. मावशीच्या तोंडून निघून गेलं, की पोरीला गरगरत होतं, तिनंच घ्या म्हटलं. पलंगावरची पोरगी अर्धवट ग्लानीत ते ऐकत होती. मावशी नंतर तीन दिवस त्या पलंगाकडे फिरकली नाही.

चौथ्या दिवशी पोरगी घरी जायला निघाली. छातीला दूध दाटलं होतं, कपडे पुढून ओले झाले होते. नवरा पिशवी घेऊन दारात पाठमोरा उभा होता. तिनं मावशीला हाक मारली.

"मावशी, मी खरंच घ्या म्हटलं होतं का? मला काही आठवत नाही. सगळे म्हणतात, मीच दिलं."

मावशीला हो म्हणायचं होतं. निवृत्तीला आठ महिने उरले होते, आणि एका होकारात सगळं मिटत होतं. पण त्या ओल्या कपड्यांकडे बघून तिची जीभ रेटेना.

"नाही," ती म्हणाली. "तू मागत होतीस. मीच दिलं नाही."

पोरगी रडली नाही की अंगावर धावून आली नाही. पलंगाचा कठडा धरून ती उभी राहिली आणि दाराकडे बघत म्हणाली, "त्यांना सांगा. त्या दिवसापासून बोलले नाहीत माझ्याशी."

मावशी दाराकडे निघाली. त्या दारात उभ्या असलेल्या कितीतरी बापांच्या हातात तिनं आपली दुपटी ठेवली होती. आज रिकाम्या हातांचं काय करावं हे तिला सुचेना. ते पाठीमागे धरून तिनं सगळं पहिल्यापासून सांगितलं.