दोरी मीच बांधली

क्लिफर्ड मुरहाउसला ऐंशी वर्षं पूर्ण झाली, म्हणून आमच्या ट्राम संग्रहालयाच्या अंकात त्याच्यावर चार बरे शब्द लिही, असं मला फर्मान आलंय. चार कशाला, चारशे लिहीन. पण जे लपवलं तेच गाळलं, तर बाकीचं सगळं थोतांड होईल. तेव्हा छापायचं तर अख्खं छापा.

क्लिफर्ड शेफील्डचा. बाप ट्राम हाकायचा. यानं स्वतः चाळीस वर्षं बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर आमच्याकडे हौसेनं, फुकट ट्राम चालवायला आला. टाय लावल्याशिवाय हा गडी हँडलला हात लावायचा नाही. मी त्याची कंडक्टर ग्लेनिस. वय अठ्ठावन्न, तरी मला ‘पोरी’ म्हणायचा. “ए पोरी, टोपी सरळ कर, लोकांनी तिकीट काढलंय!”

दुपारी तीन वाजले की मात्र तो कुणाचं ऐकायचा नाही. बायको म्युरिअल बारा मैलांवरच्या वृद्धाश्रमात होती, स्मृती गेलेली. रोज स्वतःची जुनी गाडी काढून तिच्याकडे जायचा आणि तिचे केस विंचरायचा. “ती मला ओळखत नाही गं,” म्हणायचा, “पण कंगव्याला ओळखते.” आमच्या रात्रीच्या फेऱ्या असल्या, तरी तिला भेटूनच परत यायचा.

या रात्रीच्या फेऱ्या आम्ही ऑक्टोबरात काढतो. ट्रामच्या टपावरचा लांब दांडा वरच्या तारेला टेकलेला असतो, वीज त्यातूनच येते. मार्गाच्या टोकाला पोचलं की तो दोरीनं ओढून उलट्या दिशेला फिरवायचा, हे कंडक्टरचं काम. दांडा तारेवरून निघाला की आतले दिवे जातात, पोरं किंचाळतात. दांडा पुन्हा तारेला लागला की दिवे येतात आणि टाळ्या पडतात. मग दोरी मागच्या आकड्याला घट्ट बांधायची आणि ड्रायव्हरला निघायची खूण म्हणून दोनदा घंटी द्यायची.

ज्या रात्री घोटाळा झाला, त्या रात्रीही टाळ्या पडल्या. एका बाईनं माझा फोटो मागितला. मी टोपी नीट करून, कंदील हातात घेऊन उभी राहिले, आणि मग मोठ्या तोऱ्यात दोनदा घंटी दिली. दोरी बांधायचं राहूनच गेलं.

वळणावर लोंबणारी दोरी कुंपणाच्या खुंटाला अडकली. दांडा खेचला गेला, वाकला, वरची तार तुटली. दिवे गेले. लोकांना वाटलं, हाही खेळच. नशीब, कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

मी टॉर्च घेऊन मागे उतरले. खुंटातून दोरी सोडवली, आकड्याला गुंडाळली आणि झकास गाठ मारली. क्लिफर्ड पुढच्या टोकाकडून धापा टाकत येईपर्यंत माझं उरकलं होतं. त्यासाठी मला विचारही करावा लागला नाही, याचीच आज जास्त लाज वाटते.

“पोरी, दोरी?”

“बांधलेलीच आहे की! बघ हवं तर.”

त्यानं टॉर्च मारून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “मग मीच वळणावर जोरात आलो असणार,” तो म्हणाला.

वळणावर जोरात आलं की दांडा तारेवरून उडतो, आणि जुन्या ट्रामला वेग दाखवणारा काटा नसतो. चाकांच्या आवाजावरून आणि पायाखालच्या थरथरीवरून ड्रायव्हर वेग ओळखतो, आणि त्यात क्लिफर्डचा हात धरणारा कुणी नव्हता. आमचे व्यवस्थापक हेपवर्थ त्याला म्हणालेसुद्धा, “अहो, होतं असं. एक चाचणी द्या आणि लागा कामाला.” पण यानं चालकाचा बिल्ला टेबलावर ठेवला. “ज्याला स्वतःचा वेग कळत नाही, त्यानं माणसं बसवू नयेत.” मी शेजारीच बसले होते, चहात बिस्किट बुडवत. बिस्किट विरघळून गेलं, पण माझं तोंड काही उघडलं नाही.

तो ट्रामचं पितळ घासू लागला, आमचे चहाचे कप विसळू लागला. मी मनाची समजूत घातली, की आज ना उद्या वयानं थांबलाच असता. जानेवारीत कळलं, त्यानं स्वतःची गाडीही विकली. का, तर ट्रामचा वेग कळत नाही त्याला गाडीचा काय कळणार! म्युरिअलकडे जायला आता दोन बस बदलाव्या लागत, गुडघ्यांना ते रोज झेपेना. मंगळवारी आणि शुक्रवारी जायचा. मार्चमध्ये म्युरिअल गेली. बुधवारी, दुपारी चार वाजता.

तिला पुरलं त्या दिवशी मी हॅम सँडविचचं ताट फिरवत होते. तेव्हाही बोलले नाही. माझ्यासारखी भित्री बाई दुसरी नसेल.

त्यानंतरच्या ऑक्टोबरात तो रात्रीच्या फेरीला आला, प्रवासी म्हणून. टोकाला सगळे आत बसून राहिले, हा मात्र खाली उतरला आणि मला तार दिसावी म्हणून वर टॉर्च धरून उभा राहिला. दिवे आले, टाळ्या पडल्या. मी दोरी बांधली.

“किती नीट बांधतेस गं,” तो म्हणाला. “त्या रात्रीही अश्शीच बांधली होतीस.”

माझा धीर सुटला. “नव्हती रे बांधली! खुंटाला अडकली होती. तू यायच्या आत मी बांधली. चूक माझी होती क्लिफर्ड, सगळी माझी.”

आत कुणीतरी काच वाजवली.

“म्हणजे मी जोरात नव्हतो?”

“नाही. तुझा वेग अगदी बरोबर होता.”

त्यानं टॉर्च विझवला. चांगल्या चार शिव्या हासडेल म्हणून मी मान खाली घालून उभी होते.

“मग गाडी विकायला नको होती गं,” एवढंच तो म्हणाला. नंतर आकड्यावरची माझी गाठ त्यानं बोटांनी चाचपली, ओढून पाहिली, आणि आत जाऊन बसला.