टेपला भस्म

यंत्रात देव पाहावा तर आमच्या साडूंनीच. झरीत आमची घरं समोरासमोर आणि त्यांच्याच ट्रकातून मी रोज परभणीला दुकान उघडायला जातो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगतोय. पाण्याची मोटार असो नाहीतर इस्त्री, भस्माचे तीन पट्टे ओढल्याशिवाय साडू बटणाला हात लावत नाहीत. एकदा मिक्सरच्या आतूनही ओढले. ती चटणी आम्ही मुकाट्यानं प्रसाद म्हणून खाल्ली.

अशा माणसानं ट्रकात टचस्क्रीनचा टेप बसवला! पडद्यावरचा प्लॅस्टिकचा पातळ कागद फिटरला काढू दिला नाही. "राहू दे, नजर लागंल." फिटरनं मोबाईल जोडून फोनमधली नावं पडद्यावर आणून दिली, पण साडूंना त्याचं काय! दुसऱ्या दिवसापासून पूजा सुरू. डोळे मिटायचे, पडद्यावर तीन बोटं ओढायची आणि घंटी वाजवत मोठ्यानं मंत्र. टेप आधी टुर्र टुर्र करी, मग त्यातून श्वासासारखं काहीतरी ऐकू येई. "जीव आला बघा यंत्रात," साडू सांगत. एकदा आतून चक्क खोकला आला. "देव खोकला!" साडू हरखून गेले.

"मग काढा पाजा त्याला," मी म्हणालो. झालं, चार दिवस माझ्याशी अबोला. अबोल्याची त्यांना सवयच. ट्रॅक्टर घ्यायचा की ट्रक, यावरून चुडावा गावी राहणाऱ्या सख्ख्या थोरल्या भावाशी, अण्णांशी, त्यांनी बोलणं टाकलं ते टाकलंच. दिवाळीला मात्र अण्णांच्या नावाची करंजी स्वतःच खातात आणि दिवसभर तोंड पाडून बसतात.

श्रावणी सोमवारी कहर झाला. साडूंनी टेपला तांब्याभर पाण्याचा अभिषेक घातला. टेपनं तिथंच राम म्हटला.

पुढं एक-दोन दिवस गेले. आम्ही निघणार, तोच एक म्हातारा मोटारसायकलवरून घाईघाईनं उतरला. अण्णा!

"फोन का न्हाई आला रे? बरा हाईस ना?"

"मी कवा केला तुमाला फोन?"

"रोज सकाळी करतूस की. मंतर म्हणतूस, मी ऐकतो आन् ठिवतो."

साडू टेपकडे बघतच राहिले. त्यांची बोटं रोज पडद्यावर सगळ्यात वर असलेल्या अण्णांच्या नावावरून फिरत होती आणि फोन लागत होता, हे मलाच उलगडून सांगावं लागलं. इतक्या वर्षांत त्यांनी तो नंबर काढून टाकला नव्हता, हेही मला तेव्हाच कळलं.

"म्हंजे खोकलला ते तुमी?"

"मग! पावसात भिजलो व्हतो."

"दवा घेतली का?" साडूंनी विचारलं. अण्णा केबिनमध्ये चढले आणि माझ्या जागेवर बसले. मी त्या दिवशी एसटीनं गेलो.

टेप आता दुरुस्त झालाय. नंबर कसा लावायचा ते शिकवतो म्हटलं, तर साडू म्हणाले, "नगं. आमचं भस्मानंच बरं हाय." दोघं अजूनही फारसं बोलत नाहीत. साडू मंत्र म्हणतात, पलीकडे अण्णा ऐकत असतात. शेवटी घंटी खाली ठेवून साडू एवढंच विचारतात, "खोकला कसा हाय?" तेवढा वेळ मीही डोळे मिटून घेतो.