सव्वा व्होल्ट आणि भाऊंचा वाढदिवस

राजूरला गणपतीच्या देवळाच्या रस्त्यावर आमचं बॅनरचं दुकान आहे. आमचं म्हणजे माझं आणि बायकोचं. डिझाइन ती करते. गिऱ्हाइकांशी बोलणं, फाइल जालन्याच्या छपाईवाल्याला पाठवणं आणि एसटीनं आलेले रोल उतरवून घेणं माझ्याकडं. सुरुवातीला लोक उद्घाटनाचे, बारशाचे बोर्ड करून घ्यायचे. मग वाढदिवस आले. पूर्वी बॅनरवर ज्याचा वाढदिवस तो एकटाच असायचा. पुढं त्याच्या खाली शुभेच्छुक आले, शुभेच्छुकांच्या खाली त्यांचं मित्रमंडळ आलं, आणि मित्रमंडळातला कुणी सुटला तर तो दुकानात येऊन आपलं काय चुकलं ते विचारू लागला. प्रत्येक चेहऱ्याला गोल चौकट, चौकटीला सोनेरी कडा, कडेवर चमक. चमक नसेल तर माणूस बॅनरवर यायला तयार नसायचा.

ह्या चमकेनं आमचा कॉम्प्युटर थकला. एक चेहरा जरा डावीकडं सरकवला की पडद्यावर चक्र फिरायला लागायचं आणि गिऱ्हाईक त्या चक्राकडं बघत बसायचं. बायको म्हणाली, नवीन घ्या, न्हाईतर ह्यालाच पळवा. नवीन घेणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मी पळवायचं ठरवलं.

मोबाइलवर एक हिंदी व्हिडिओ सापडला. त्यात सांगितलं होतं की प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, कंपनी जरा राखून चालवते. सेटिंग बदललं की तोच जोरात पळतो, आणि ह्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. सांगणारा माणूस उत्साही होता, त्याच्या कॉम्प्युटरच्या पोटात निळे-जांभळे दिवे लागलेले होते. वेग वाढवला की व्होल्टेजही वाढवावं लागतं, पण एकेक पायरीनं, आणि प्रत्येक पायरीवर कॉम्प्युटरला तासभर जड काम देऊन बघायचं, असं त्याचं म्हणणं. तासभर हा शब्द ऐकला आणि मी व्हिडिओ पुढं ढकलला.

पहिल्या दिवशी मी फक्त वेग वाढवला आणि व्होल्टेजचं काम कॉम्प्युटरवरच सोडलं. तिथं 'ऑटो' असा पर्याय होता. कॉम्प्युटरनं हात सैल सोडून स्वतःला व्होल्टेज वाढून घेतलं. काम भराभर व्हायला लागलं, पण पंखा असा घोंघावू लागला की गिऱ्हाइकं ओरडून बोलायला लागली. शेजारच्या कापड दुकानातले शेठजी बघायला आले. त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले, पण राजूरच्या कुठल्याही भानगडीत शेठजींचं मत पहिलं असतं. पिठाची गिरणी टाकली का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, व्होल्टेज जास्त झालंय, कमी करून राह्यलोय.

शेठजी खुर्ची ओढून बसले. व्होल्टेज हा त्यांचा विषय. विजेच्या चढउतारानं त्यांचा फ्रिज एकदा जळाला होता आणि तेव्हापासून त्यांनी दुकानातल्या फक्त घड्याळाला स्टॅबिलायझर लावायचा बाकी ठेवला होता.

"किती लागतं ह्याला?" त्यांनी विचारलं.

"सव्वा."

"सव्वाशे?"

"न्हाई शेठजी. सव्वा. एक आणि पाव."

शेठजींनी वाकून कॉम्प्युटरच्या पोटात बघितलं. मग म्हणाले, "टीव्हीच्या रिमोटच्या सेलमध्ये बी दीड असतं. सव्वावर हे सगळं चालतं, आन् तू त्याच्यातलं बी कमी करायलास? जल्दी बंद कर, बिचाऱ्याला उपाशी मारशील."

मी ऐकलं नाही. ऑटो काढून आकडा हातानं टाकला, आणि पहिल्याच झटक्यात इतका कमी टाकला की पडदा काळा झाला तो झालाच. मग पुन्हा व्हिडिओ. त्यात दाखवल्याप्रमाणे आतल्या बोर्डावरचा बटणासारखा सेल काढला, चहा पिऊन आलो, सेल परत बसवला, तेव्हा कॉम्प्युटर सगळं विसरून पहिल्यासारखा सुरू झाला. वेग पुन्हा वाढवला आणि ह्या वेळी सव्वा ठेवला. चालू झाला. पंखाही शांत. बारशाचा एक बोर्ड झाला, एका रसवंतीचा झाला. मी गावात स्वतःहून सांगत सुटलो की आपण कॉम्प्युटर वाढवलाय. काय वाढवलं ते कुणी विचारलं नाही, सगळे कौतुकानं बराबर बराबर म्हणाले.

तेवढ्यात भाऊंचा वाढदिवस आला. भाऊ म्हणजे आमच्या भागातले पुढारी, आणि त्यांचा वाढदिवस म्हणजे आमची दिवाळी. त्यांचा कार्यकर्ता मोबाइलभर फोटो घेऊन दुकानात आला. गेल्या वर्षीचाच बॅनर घ्या, नवीन मंडळी वाढवा आणि एक माणूस काढा, असा निरोप होता. काढायचा माणूस म्हणजे माजी उपसरपंच. गेल्या वर्षी ते भाऊंच्या उजव्या हाताला, जवळजवळ भाऊंएवढे मोठे उभे होते. मधल्या काळात ते दुसऱ्या गटात गेल्ते.

बायकोनं सगळ्यात आधी त्यांना काढलं. मग नवीन मंडळी बसवली. दुपारच्या आत फाइल जालन्याला पोचली पाहिजे म्हणून कार्यकर्ता तिच्या मागं उभा राहून घाई करत होता. तिनं फाइल साठवायचं बटण दाबलं आणि पडदा निळा झाला. हलक्या कामाला सव्वा पुरत होतं. इतके चेहरे आणि इतकी चमक एकदम आली, तेव्हा ते कमी पडलं. कॉम्प्युटर परत सुरू झाला, पण फाइल उघडेना.

मी वेग पहिल्यासारखा करून दिला. तिनं गेल्या वर्षीची फाइल उघडली आणि नवीन मंडळी पुन्हा एकेक बसवायला लागली. कार्यकर्ता नावं सांगत होता, मी फोटो देत होतो. शेवटी त्याच्या मोबाइलवर नमुना पाठवला. त्यानं बोटांनी मोठा करून आपला चेहरा शोधला, चमक बघितली आणि म्हणाला, एकदम बराबर. मी फाइल जालन्याला पाठवली.

सकाळी बॅनर चढला. चतुर्थी होती, रस्त्यावर गर्दी. थोड्या वेळानं कार्यकर्त्याचा फोन आला. त्याचा आवाज इतका बारीक होता की मी आधी ओळखलाच नाही. जाऊन बघतो तर भाऊंच्या उजव्या हाताला माजी उपसरपंच, गेल्या वर्षीइतकेच मोठे, हसतमुख. आम्ही शिडी मागवली. पण शिडीच्या आधी उपसरपंचच आले, हार घेऊन. बॅनरखाली उभे राहिले, वर बघितलं आणि डोळे पुसले.

"मी सोडून गेल्तो," ते जमलेल्या लोकांना म्हणाले, "पण भाऊंनी मला सोडलं न्हाई."

भाऊ गाडीतून उतरले तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. त्यांनी बॅनर बघितला, उपसरपंच बघितले, गर्दी बघितली, आणि हात पसरले. दोघांची गळाभेट झाली. भाषणात भाऊ म्हणाले की राजकारणात मन मोठं ठेवावं लागतं, आणि हा निर्णय आपण फार विचार करून घेतला. मी आणि बायको मागं उभे होतो. कार्यकर्ता आमच्याकडं न बघता मान हलवत होता.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका गावचे एक गृहस्थ दुकानात आले. त्यांना त्यांच्या पुढाऱ्यानं बॅनरवरून काढलं होतं. आपल्यालाही चुकून राहू द्यायला काय लागेल, असं त्यांनी हळूच विचारलं. बायकोनं त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

मग एका रविवारी दुकान बंद ठेवून मी तो व्हिडिओ न ढकलता पूर्ण बघितला. वेग थोडाच वाढवला, व्होल्टेज सव्वाच्या वर एकेक पायरी नेत गेलो, आणि प्रत्येक पायरीला तासभर नुसता बसून राहिलो. शेठजी मधून मधून येऊन किती झालं ते विचारून जात होते. शेवटी एका आकड्यावर कॉम्प्युटर टिकला, तापलाही नाही आणि बंदही पडला नाही. सोमवारी बायकोनं दिवसभर काम केलं. फरक पडला का, म्हणून मी विचारलं. तिनं माऊस सोडला नाही.

"पडला असंल," ती म्हणाली, "मला तर काई जाणवून न्हाई राह्यला."